ज्ञानोदय : वादातून घडलेले पत्र

१८४२ साली नगरला जायचे म्हणजे बैलगाडी, घोडा किंवा पायपीट. देशात रेल्वे यायला अजून अकरा वर्षे होती आणि तीही आधी मुंबई-ठाण्यापुरतीच. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघून बंदही पडले होते. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ला वर्ष व्हायचे होते. मराठी नियतकालिके बोटांवर मोजावीत अशा त्या दिवसांत, जून महिन्यात, नगरच्या अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ नावाचे मासिक काढले. संपादक होते रेव्हरंड हेन्री बॅलंटाईन. हा गृहस्थ १८३५ साली हिंदुस्थानात आला आणि मराठीत इतका रमला की पुढे मराठी ख्रिस्ती गीतांच्या पहिल्या कर्त्यांमध्ये त्याचे नाव घेतले जाऊ लागले.

पत्राचा हेतू उघड होता: ख्रिस्ती धर्माचा प्रसार. तो कुणी लपवलाही नाही. पण धर्मप्रसारासाठी निघालेले बहुतेक कागद वर्षा-दोन वर्षांत विरून जातात. ‘ज्ञानोदय’ टिकले, आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक आणि पुन्हा मासिक अशी रूपे बदलत शतक ओलांडून गेले. ज्यांच्याशी वाद घालायला ते निघाले, त्या मराठी माणसांनीच त्याला हळूहळू आपले करून घेतले. कुणी पत्र लिहून, कुणी उत्तर देऊन, कुणी थेट संपादकाच्या खुर्चीवर बसून. या पत्राचा इतिहास खरा तिथे आहे.

अमेरिकन मराठी मिशनची हकिगत मात्र याच्या तीस वर्षे मागे सुरू होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते आणि कंपनी सरकारला मिशनरी मुळात नकोच होते. दोघांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. अर्ज-विनंत्या करकरून ते मुंबईत राहिले, त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. हॉल मराठी शिकला, गावोगाव हिंडला आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वाटेतच गेला.

हॉलच्या हयातीतच मिशनने मुंबईत छापखाना थाटला. होरॅशियो बार्डवेल याने कलकत्त्याहून टाइप आणले आणि १८१७ साली पहिली आठ पानी मराठी पुस्तिका निघाली. ते टाइप बोजड, अक्षर मोठे, कागद भराभर संपे. पुढे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाच्या कारागिराने मराठी अक्षरांचे नवे, आटोपशीर साचे कापले आणि देवनागरी छपाईचा चेहराच बदलला. मिशनच्या इतिहासात ग्रॅहमला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी, कारण त्याची विद्या चर्चच्या भिंतीआड राहिली नाही. जावजी दादाजी चौधरी हा दहा वर्षांचा पोरगा दरमहा दोन रुपयांवर टाइप घासायला या छापखान्यात लागला. त्याच जावजींनी १८६४ साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला, आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’. संस्कृत ग्रंथांच्या निर्दोष छपाईसाठी ज्या निर्णयसागरचे नाव काशीपर्यंत गेले, त्याच्या मालकाचे पहिले धडे मिशनऱ्यांच्या खिळ्यांवर झाले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. बायबल छापायला जमवलेली हत्यारे शेवटी काव्यमालेच्या कामी आली.

नगरला मिशन गेले १८३१ साली. आज ते अहिल्यानगर आहे, पण मिशनच्या सगळ्या कागदांत आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ते नगरच. इथे १८३९ साली मुंबईहून सिंथिया फरार ही शिक्षिका आली. अमेरिकेतून एकटी, अविवाहित म्हणून मिशनच्या कामावर समुद्रापार आलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ही. तिने मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ साली नगरलाच देह ठेवला. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि पुण्यात परतून १८४८ साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्यासाठी घेतलेल्या तालमीच्या संदर्भातही फरारबाईंचे नाव येते. ‘फरारबाई’ हे मराठी वळणाचे रूप तेव्हाच रुळले होते. स्वतः जोतीरावांनी आपल्या शाळेची हकिगत सांगताना त्यांचा उल्लेख केला, आणि ती हकिगत १८५३ साली छापली ‘ज्ञानोदय’ने.

पत्र सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांतच ते मुंबईला हलले. तिथे रॉबर्ट विल्सन ह्यूम यांनी ते अनेक वर्षे सांभाळले. मजकूर मराठी आणि इंग्रजी असा दुहेरी असे. आत काय नव्हते? ग्रहणे का लागतात, वाफेचे यंत्र कसे चालते, प्राण्यांची माहिती, परदेशच्या बातम्या, लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे. आणि या सगळ्याच्या शेजारी पुराणांवर, व्रतांवर, तीर्थयात्रांवर झोड. भूगोलाचा धडा आणि धर्माचे खंडन एकाच पानावर नांदत. पृथ्वी गोल आहे हे सिद्ध करायचे, मग मेरूपर्वत आणि सात समुद्र कुठे राहिले असे विचारायचे, ही त्या काळच्या मिशनऱ्यांची ठरलेली चाल होती.

या लेखनाची भाषा आज वाचताना खटकते. राज्यकर्त्यांच्या धर्माचा माणूस जित लोकांच्या देवांची टिंगल करतो, तेव्हा तो वाद बरोबरीचा राहत नाही. मिशनरी अमेरिकन होते, इंग्रज नव्हते, हे खरे. पण सामान्य मराठी वाचकाच्या लेखी हा भेद नावापुरता होता. शिवाय विज्ञानाची तलवार दुधारी निघाली. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेली मुंबईची तरुण मंडळी टॉमस पेन वाचून यायची आणि ज्या तर्काने पुराणे खोटी ठरतात, त्याच तर्काने बायबलातले चमत्कार कसे टिकतात, असा उलटा प्रश्न टाकायची. मिशनऱ्यांना हा प्रश्न सोपा गेला नाही.

उत्तरे छापील स्वरूपातही आली. मोरभट दांडेकरांनी १८४४ साली ‘उपदेशचंद्रिका’ काढली. याच दांडेकरांनी १८३१ साली स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांच्याशी मुंबईत जाहीर वाद केला होता. १८५२ साली पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘विचारलहरी’ निघाले ते मिशनऱ्यांना सडेतोड जबाब द्यायलाच. १८५७च्या जानेवारीपासून विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला मिशनऱ्यांशी भिडत होते. ऐकायला गर्दी उसळे. उत्तरेत उठाव झाल्यावर त्या सभा थांबल्या. समोरच्या बाजूला असत जॉर्ज बोवेन, मिशनचा पगार नाकारून बाजारपेठेत फकिरासारखा राहणारा अमेरिकन. बोवेनने त्या वादांचे इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी काढले, बुवांनी आपली मराठी बाजू १८७२ साली छापली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एकाच किनाऱ्यावर दोन वेगवेगळ्या सभा झाल्या होत्या असे वाटावे.

हा सगळा गदारोळ मराठी गद्याला मात्र चांगलाच मानवला. तोवर मराठीत तर्कशुद्ध, मुद्देसूद, प्रतिपक्षाचे म्हणणे उतरवून त्याला उत्तर देणारे गद्य फारसे नव्हते. शास्त्रार्थ संस्कृतात होत, बखरी हकिगती सांगत. खंडन-मंडनाची रोजची मराठी या चाळीस-पन्नासच्या दशकांत घडली, आणि ती घडवण्यात मिशनरी आणि त्यांचे विरोधक यांचा वाटा सारखाच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढे ‘निबंधमाले’त मिशनऱ्यांवर जे आसूड ओढले, त्यांची धारही या आधीच्या पिढीच्या सहाणेवर लागलेली होती.

‘ज्ञानोदय’च्या जुन्या फायलींमधला सर्वांत मोलाचा मजकूर मात्र ना मिशनऱ्यांचा आहे, ना शास्त्र्यांचा. तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा आहे.

१५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ असा दोन अंकांत विभागून ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापला गेला. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यात फुल्यांच्या शाळेत तीनच वर्षे शिकलेली मातंग समाजातली मुलगी. तिचा युक्तिवाद असा: वेद ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहायचेही नाहीत, असे ब्राह्मण म्हणतात. मग आमच्यापाशी धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्हाला धर्मच नाही, हे उघड झाले. आता देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. हे लिहिताना ती रडगाणे गात नाही. वादीसारखी उभी राहते, प्रतिपक्षाचेच वाक्य उचलते आणि त्यावरून निष्कर्ष काढून दाखवते. पुढे पेशवाईतल्या जाचाचे दाखले येतात. तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याच्या जिवाशी कसा खेळ होई, हे ती लिहिते. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, ऊन-पावसात त्यांचे काय हाल होत असतील याचा जरा अनुभवाने विचार करा, असे ती वाचकाला बजावते. शेवटी आपल्याच लोकांकडे वळून सांगते की ज्ञान हे औषध आहे, ते घ्या.

त्या निबंधात ख्रिस्ती धर्माचा प्रचार शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. तो छापण्यामागे संपादकांचा हेतू जातिव्यवस्थेवर आणखी एक साक्षीदार उभा करण्याचा असू शकेल. असेलही. पण १८५५ साली मातंग मुलीचे नाव आणि तिचे शब्द दोन अंकांत छापायला दुसरे कोणते मराठी पत्र तयार झाले असते?

त्याच सुमारास, १८५४ साली, दोन घटना घडल्या. नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, मिशनचे हे पहिले एतद्देशीय पाळक. आणि बेळगावला बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला. पदमनजी त्याआधी परमहंस मंडळीत वावरलेले, सुधारकांच्या गुप्त सभांची आतली हवा ठाऊक असलेले. १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांच्या दुःखाभोवती गुंफलेली ही कथा मराठीतली पहिली कादंबरी म्हणून सहसा सांगितली जाते, आणि विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा वर्षच उलटले होते. १८६३ साली त्यांनी मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा सुटसुटीत संक्षेप केला. पुढे शंभराच्या आसपास लहान-मोठी पुस्तके, नव्या करारावरचे भाष्य, आणि १८८८ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. १८७०च्या दशकात ‘ज्ञानोदय’चे संपादन त्यांच्याकडे आले.

पदमनजींनी आणलेला फरक भाषेत दिसतो. साहेबांचे मराठी शुद्ध असे, पण ते ‘शुद्ध’ असते हेच त्याचे दुखणे. व्याकरण चुकायचे नाही आणि वाक्य मराठी वाटायचे नाही. पदमनजी बेळगावच्या कासार घरात, कथा-पुराणे ऐकत वाढलेले. टोमणा कुठे मारायचा आणि ओवी कुठे आठवायची, हे त्यांना शिकवावे लागले नाही. हिंदू धर्मावरची त्यांची टीका साहेबांहून बोचरी आहे, कारण ती घरच्या माणसाची आहे. तिच्यात परक्याची तुच्छता मात्र नाही.

पदमनजींच्या जोडीला आणखी एका नगरकराचे नाव घ्यायला हवे. कृष्णराव रत्नाजी सांगळे. नगरच्या मिशनने १८६०च्या दशकात कीर्तनाचा प्रकार उचलला. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग सगळे तसेच, आख्यान तेवढे येशूचे. सांगळे या ख्रिस्ती कीर्तनातले गाजलेले नाव. खेड्यातला श्रोता प्रवचनाला उठून जायचा, कीर्तनाला बसायचा.

एक गोष्ट इथे नमूद करायलाच हवी. नगर जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. पत्राच्या पानांवर ठळकपणे दिसणारी मराठी नावे मात्र मोडक, करमरकर, टिळक अशी. जात सोडल्याशिवाय चर्चमध्ये प्रवेश नाही, एका पंगतीला बसलेच पाहिजे, यावर अमेरिकन मिशन पहिल्यापासून कडक होते आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण पंगत एक झाली म्हणून लेखणी एक झाली नाही. ज्याच्या घरात आधीपासून पोथी होती त्याच्याच हाती संपादकीय गेले. मुक्ता साळवेच्या निबंधाला पुढे त्याच तोडीची सोबत मिळाली नाही, ही या पत्राची मोठी उणीव आहे.

शतकाच्या शेवटाकडे पत्रात वेगळे वारे वाहू लागले. जस्टिन ॲबट या संपादकाचे नाव तिथे मध्यवर्ती आहे. मिशनऱ्याचा मुलगा, बालपण याच भागात गेलेले, १८८१ साली स्वतः मिशनरी म्हणून परतलेला. मराठी हस्तलिखिते, ताम्रपट, नाणी यांचा त्याला नाद. १९१० साली तो अमेरिकेला निवृत्त झाला आणि निवृत्तीत माणसे करतात त्याच्या नेमके उलट त्याने केले. न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून त्याने ‘महाराष्ट्राचे संतकवी’ ही इंग्रजी ग्रंथमाला सुरू केली. १९२६ साली भानुदास, मग एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. जोडीला पंडित नरहर गोडबोले. महिपतीच्या चरित्रग्रंथांचे हे भाषांतर केवळ सुबोध नाही, ते आदराने केलेले आहे. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाचे मूळ मराठीही त्याने सोबत छापले. १९३२ साली ॲबट वारला तेव्हाही ग्रंथ छापखान्याच्या वाटेवर होते.

फादर टॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’बाबतही मराठी वाचक ॲबटचा ऋणी आहे. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेले हे ओवीबद्ध पुराण रोमन लिपीत होते. त्याची देवनागरी हस्तलिखिते लंडनच्या मार्सडेन संग्रहात पडून आहेत, हे ॲबटने उजेडात आणले. गोव्याचा जेझुइट आणि नगरचा काँग्रिगेशनलिस्ट यांच्यात धर्ममताची दरी मोठी, एरवी एकाने दुसऱ्याचे पुस्तक हाती धरले नसते. इथे ओवीने ती दरी ओलांडली. १९५६ साली शांताराम बंडेलूंनी पुण्यातून ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत आणले.

पत्राचा इंग्रजी विभाग विसाव्या शतकात जे. एफ. एडवर्ड्‌स यांच्याकडे होता, आणि तेही याच वाटेचे प्रवासी. तुकारामांवरचे पुस्तक त्यांनी नेल्सन फ्रेझर यांच्या टिपणांवरून १९२२ साली सिद्ध केले, ॲबटच्या पश्चात त्याची ग्रंथमाला पुण्याहून चालवली आणि १९४१ साली तिच्यात ज्ञानेश्वरांवरचे आपले पुस्तक घातले. निकोल मॅकनिकल यांनी संतांच्या निवडक अभंगांचे भाषांतर १९१९ सालीच केले होते. ज्या मिशनऱ्यांच्या आजोबांनी पंढरीच्या वारीत पत्रके वाटली, त्यांची नातवंडे त्याच वारीतले अभंग लावायला बसली. सिनेमानेही गंमत केली. १९४० साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानोबांची भूमिका केली शाहू मोडकांनी. ते नगरच्या ख्रिस्ती घराण्यातले.

अभ्यासाची ही दिशा पालटली कशाने? उत्तराचा मोठा भाग एका माणसात आहे.

नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावला जन्मले. वतनदार ब्राह्मण घर, संस्कृताचा व्यासंग, कीर्तनाची हातोटी, एका गावी न टिकणारा स्वभाव. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. बाबा पदमनजींशी टोपणनावाने पत्रव्यवहार झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. तो साहेबाच्या हातून नको, देशी पाळकाच्या हातून हवा, हा हट्ट त्यांचाच. नंतर नगर हे त्यांचे घर झाले, १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले, आणि १९१२ साली ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक.

सात वर्षे, मृत्यूपर्यंत, म्हणजे मे १९१९पर्यंत, पत्रावर टिळकांचा ठसा आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते उघड सांगत, आणि पत्राच्या जुन्या वाचकांना ते पचायला जड होते. पन्नास-साठ वर्षे ज्या संतपरंपरेला चुकीची वाट म्हणून दाखवले, तिलाच संपादक आता आपला जुना करार मानू लागला होता. देशभक्तीही ते लपवत नसत. स्वदेशाची कविता आणि ख्रिस्ताचा अभंग एकाच लेखणीतून येई, आणि मिशनच्या वरिष्ठांना दोन्हींची धास्ती वाटे. साहेबांशी त्यांचे प्रेम होते आणि खटकेही उडत. १९१७ साली तर मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढायला निघाले. त्यात बाप्तिस्मा झालेले-न झालेले सगळेच येशूभक्त सामावून घ्यायचे होते. पत्राचे काम मात्र सोडले नाही.

टिळकांच्या नगरच्या घराची हकिगत मराठी वाचकाला पाठ आहे, कारण ती लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवली. तिथे बालकवी ठोंबरे राहून गेले, अनाथ मुले राहून गेली, दारी येईल तो राहून गेला. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग नगरला आल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. त्यांचे शिक्षण जेमतेम, जोडाक्षरांशी कायमचे वैर. देवदत्त टिळक वडिलांच्या चरित्राची साधने जमवत होते म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला लावल्या, आणि त्यातून १९३४पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी बाहेर पडली. धर्मांतराने ताटातूट झालेल्या संसारावर कुणी इतके मिस्कील लिहू शकेल, हे मराठीत आधी कुणाला ठाऊक नव्हते. नवऱ्याने अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी ६४ अध्यायांची भर घालून पुरे केले. ते १९३८ साली छापून निघाले तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

देवदत्त हेही ‘ज्ञानोदय’चे संपादक झाले. मिशनचेच ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिकही त्यांनी चालवले. एव्हाना पत्र एकट्या अमेरिकन मिशनचे राहिले नव्हते, पश्चिम हिंदुस्थानातल्या इतर प्रॉटेस्टंट मिशनांनीही ते आपले मानले होते. लेखकांची फळी वाढली. १९२७ साली नाशिकला पहिले मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष मॅकनिकल. १९३३च्या नागपूर संमेलनाच्या अध्यक्ष लक्ष्मीबाई टिळक. पहिल्या संमेलनाला स्कॉटिश अध्यक्ष आणि सहा वर्षांत त्या खुर्चीवर जोडाक्षरे न येणारी जलालपूरची लेक, यात त्या काळाची चाल दिसते.

स्वातंत्र्यानंतर मिशने आवरती झाली. नगरमध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली कॉलेज काढले. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या त्यात आल्या. पत्राचा वाचकवर्ग आटत गेला, कारण इंग्रजी शाळांत शिकलेली ख्रिस्ती मुले मराठी वाचेनाशी झाली. हे दुखणे इतरही अनेक मराठी नियतकालिकांना चुकलेले नाही. ख्रिस्ती विचार मराठीत मांडण्याचे काम वसईच्या कॅथलिक मंडळींनी ‘सुवार्ता’तून जोमाने केले. १९८३ ते २००७ त्याचे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या वेळी उठलेला विरोधाचा आवाज ऐकून ‘विचारलहरी’चे दिवस आठवावेत, एवढाच फरक की या वेळी वादाला उत्तर देणारा माणूस ज्ञानोबा-तुकोबांचे दाखले देत होता.

‘ज्ञानोदय’च्या जुन्या फायली मात्र आता भलत्याच लोकांच्या उपयोगी पडतात. नगर कॉलेजातल्या गंगाधर मोरजे यांनी त्यांच्या आधारे ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा मोठा इतिहास लिहिला. रोझालिंड ओ’हॅनलन या इंग्रज इतिहासकार बाईंनी जोतीराव फुल्यांवरचे आपले पुस्तक १९८५ साली काढले, त्याच्या तळटिपांत हे पत्र ठायी ठायी भेटते. मुक्ता साळवेचा निबंध १९९१ साली भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या एका गाजलेल्या इंग्रजी संकलनात गेला आणि तिथून विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत पोचला. सत्यशोधक चळवळीचा, मुलींच्या शाळांचा, छपाईचा, दुष्काळांचा अभ्यासक या पानांकडे येतो तो धर्मोपदेशासाठी येत नाही. संपादकाला आलेली पत्रे, गावोगावच्या बातम्या आणि विरोधकाचे म्हणणे खोडण्याआधी ते जसेच्या तसे उतरवून घेण्याची जुनी सवय, याच गोष्टी त्याला हव्या असतात.